पर्याय ड, मुक्काम राजेश्वर

“हे बघा मॅडम, हे तुमचं पर्याय ड,” असं म्हणून मल्लिकार्जुनअण्णांनी आपल्या वडिलांना माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसवलं.

वडील नव्वदीचे. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, हातात काठी. काठी टेकायला नव्हती, नुसती धरायला होती. दात स्वतःचे. नीट बसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि शांतपणे विचारलं, “मी चूक हाय म्हणून लिहिलेली बाई तूच का?”

मीच होते.

मी बिदर जिल्ह्यात बसवकल्याणला एका क्लासमध्ये रीझनिंग शिकवते. रीझनिंग म्हणजे पोलीस, रेल्वे, पंचायत, बँक अशा नोकऱ्यांच्या परीक्षांत विचारतात तो तर्काचा विषय. गणित नाही, पाठांतर नाही. चार ओळी वाचायच्या आणि त्यातून काय निघतं, काय निघत नाही, एवढंच सांगायचं. पोरांना हा विषय सोपा वाटतो, कारण पाठ करायला काही नसतं. मार्क याच्यातच जातात.

आमचा क्लास दर वर्षी एक टेस्ट घेतो. आसपासच्या गावांतून मुलं येतात. पहिल्या नंबराला वर्षभराची बॅच फुकट आणि हॉस्टेलवर राहायची सोय. जागा एकच. त्या वर्षी पेपर मी काढला होता, कन्नडमध्ये आणि मराठीतही. क्लासचे मालक शिवराज सर यांनी मला आधीच बजावलं होतं, की प्रश्नात दिल्ली-मुंबईची नावं नकोत, आपल्या भागातली गावं घाला, मुलांना पेपर आपला वाटला पाहिजे. मी घातली.

टेस्टनंतर आम्ही आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांचा तक्ता, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. कुणाला एखादं उत्तर पटलं नाही तर ऑब्जेक्शन घ्यायची सोय ठेवली होती. त्यासाठी एक छापील वाक्य होतं, सगळ्याच परीक्षांत असतं तसं: हरकतीसोबत पुरावा जोडावा. लोक पुस्तकाच्या पानाचा फोटो जोडतात. मल्लिकार्जुनअण्णांनी वडील जोडले होते.

प्रश्न असा होता. एका पाहणीत दिसलं, की रोज पहाटे फिरायला जाणारी म्हातारी माणसं न फिरणाऱ्यांपेक्षा जास्त ठणठणीत असतात. त्यावरून लेखकाने निष्कर्ष काढला, की फिरण्यामुळे माणूस म्हातारपणी ठणठणीत राहतो. खालीलपैकी कोणतं विधान खरं धरलं, तर हा निष्कर्ष सगळ्यात जास्त कमकुवत होतो?

अ: पहाटे उठणं बऱ्याच लोकांना आवडत नाही. ब: ज्यांचे गुडघे किंवा छाती आधीच धड नसते, ती माणसं फिरायला जाऊच शकत नाहीत. क: काही लोक पहाटेऐवजी संध्याकाळी फिरतात. ड: राजेश्वर गावातले एक गृहस्थ आयुष्यात कधी फिरायला गेले नाहीत, तरी नव्वदीत ठणठणीत आहेत.

ही पाहणी कुठेही झालेली नाही. ती मीच बनवली होती, आणि ते गृहस्थही मीच बनवले होते. राजेश्वर हे नाव सुचलं, कारण आदल्या दिवशी मी तिथून बसने आले होते. असे कुणी गृहस्थ तिथे खरंच असतील, हा विचार माझ्या मनात आला नाही. पर्याय लिहिताना तो कुणाच्या मनात येत नाही.

उत्तर ब. मल्लिकार्जुनअण्णांच्या मुलीने, भाग्यश्रीने, ड लिहिलं होतं. तिचा एक मार्क गेला, आणि मेरिट लिस्टमध्ये जनवाड्याचा संतोष नावाचा मुलगा बरोबर एका मार्काने तिच्या पुढे होता. अण्णांचं राजेश्वरला खताचं दुकान. त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं, की ही जागा मिळाली तर पोरगी वर्षभर शिकेल, नाही मिळाली तर दुकानातला कंप्युटर सांभाळेल. म्हणजे ड चूक की बरोबर, यावर त्या मुलीचं वर्ष टांगलेलं होतं.

भाग्यश्री त्या दिवशी त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभी होती. मी तिला विचारलं, ड कामून लिहिलीस? ती म्हणाली, “वाचल्यावर दुसरं काही सुचलंच न्हाई मॅडम. घरातला माणूसच समोर आला.”

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. राजेश्वरमध्ये नव्वदीचे, ठणठणीत आणि कधीही फिरायला न गेलेले गृहस्थ एकच आहेत. ते हे बसलेत. विधान खरं आहे. मग चूक कसं?

अण्णांच्या वडिलांचं, चनबसप्पांचं, म्हणणं वेगळं होतं. त्यांना मार्काशी घेणं नव्हतं. आन्सर की गावच्या ग्रुपवर फिरली होती, आणि हॉटेलात बसणारी मंडळी त्यांना म्हणायला लागली होती, की अप्पा, बसवकल्याणच्या क्लासने तुम्हाला चूक ठरवलंय. पोरं त्यांना ‘ड अप्पा’ म्हणत होती. आयुष्यभर भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडे यायचे. आता या वयात एका छापील कागदाने त्यांना चूक म्हटलं होतं. ते रागावलेले नव्हते. त्यांना फक्त कारण पाहिजे होतं.

मी विचारलं, शेतात तर राबला असाल ना, तोही व्यायामच झाला.

“ते काम हुतं,” अप्पा म्हणाले. “फिरणं म्हंजे बिनकामाचं चालणं. तसलं एक पाऊल मी टाकलो न्हाई.”

मी समजावायला घेतलं. हे मी रोज करते, त्यामुळे मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. म्हटलं, समजा सगळ्या शिवारात पाणी दिलेली तूर चांगली आली आणि न दिलेली वाळली. पण कुणाच्या तरी बांधावर एक झाड पाण्यावाचून तग धरून उभं आहे. ते झाड खोटं आहे का? नाही. पण त्या एका झाडावरून तुरीला पाणी लागत नाही असं म्हणता येईल का? तेही नाही. ड तसं आहे. खरं आहे, पण त्याने लेखकाचा निष्कर्ष पडत नाही. ब मात्र मुळावर घाव घालतो. ब म्हणतो, तुम्ही गाडी उलटी जुंपलीत. माणूस फिरतो म्हणून ठणठणीत नाही, ठणठणीत आहे म्हणून फिरतो.

अण्णांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “म्हंजे अप्पा खरं हाय हे तुम्ही मान्य करायलाव.”

व्हय, म्हटलं.

“मग तेवढं लिहून द्या.”

मी शिवराज सरांना बोलावलं. आयुष्यातली मोठी चूक म्हणावी इतकी ती मोठी नव्हती, पण त्या आठवड्यातली होती.

शिवराज सरांनी अप्पांना नमस्कार केला, चहा मागवला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, राजेश्वरहून दर वर्षी किती मुलं येतात आपल्याकडे, ठाऊक आहे ना? मी म्हटलं, सर, उत्तर ब आहे. ते म्हणाले, ब असू द्या, पण अप्पांना ब करता येत नाही का? मी म्हटलं, नाही. ते थोडा वेळ खिडकीतून समोरच्या ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. सर मूळचे जाहिरातीतले. त्यांना प्रत्येक अडचणीत एक फ्लेक्स दिसतो.

त्यांनी ग्रुपवर टाकलं, की रविवारी सकाळी क्लासच्या हॉलमध्ये व्यायाम आणि म्हातारपण या प्रश्नावर खुली सुनावणी ठेवली आहे, अनुभवी ज्येष्ठांनी अवश्य यावं.

मला वाटलं होतं चौघेजण येतील. रविवारी हॉल भरला. मुलं मागे उभी होती आणि बाकांवर म्हातारी माणसं बसली होती. बाक त्यांना लहान होत होते. मन्नाएखेळ्ळीहून एक रिटायर्ड गुरुजी आले होते, रोज पहाटे हायवेच्या कडेने फिरणारे. ते म्हणाले, माझं गाव प्रश्नात नाही हे ठीक आहे, पण माझ्यासारख्यांवर ब मध्ये आरोप आहे. मी आधीच ठणठणीत होतो म्हणून फिरतो, असं मॅडम म्हणायल्यात. मी दम्याने बेजार होतो, फिरून बरा झालो. मग माझा पुरावा कोण घेणार?

जनवाड्याहून संतोष, त्याचे वडील आणि आजोबा आले होते. आजोबा तरुणपणी तालमीत असायचे. त्यांना बोलण्यावर भरवसा नव्हता. त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला आणि फळ्यासमोर बैठका मारायला लागले. मुलांनी मोजायला सुरुवात केली. शिवराज सर व्हिडिओ काढत होते. मी खडू हातात धरून उभी होते. फळ्यावर लिहिलेल्या ब आणि ड यांच्यामध्ये एक म्हातारं माणूस खालीवर होत होतं, आणि ते कुठल्या पर्यायाच्या बाजूने आहे हे मला सांगता आलं नसतं.

मुख्य पुरावा अजून यायचा होता. जिन्यात गलका झाला म्हणून मी डोकावले. दोन नातू चनबसप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून वर आणत होते. मी घाबरले, तब्येत बिघडली की काय. मल्लिकार्जुनअण्णा म्हणाले, तसं काही नाही, तब्येत झकास आहे.

“जिना चढलो तर व्यायाम व्हतोय,” अप्पा खुर्चीतून म्हणाले. “मग म्हणाल, पुरावा बाद.”

याला तर्कशास्त्रात उत्तर नाही. मी बाजूला झाले. त्यांना फळ्याजवळ ठेवलं, ड च्या बरोबर खाली.

मग तासभर साक्षी चालल्या. एक म्हणे मी फिरतो म्हणून चांगला, दुसरा म्हणे मी बसतो म्हणून चांगला. एकाने सांगितलं की तो फिरतही नाही आणि बसतही नाही, पण लसूण खातो. त्याला शिवराज सरांनी पर्याय इ असं नाव दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मध्ये मध्ये तुरीचं उदाहरण दिलं. शेतकरी मंडळींनी त्यावरून तुरीच्या भावावर बोलणं सुरू केलं.

मी जवळजवळ हरले होते. शेवटचा उपाय म्हणून मी म्हटलं, थांबा, आपण आत्ताच्या आत्ता इथेच पाहणी करू. हा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. हॉलमध्ये इतकी ज्येष्ठ मंडळी बसलीत. सगळी ठणठणीत आहेत का? सगळे म्हणाले, आहोत. मग मी असा निष्कर्ष काढते, की रीझनिंगच्या क्लासला आलं की म्हातारपणी माणूस ठणठणीत होतो. बरोबर?

शिवराज सर म्हणाले, बरोबर. ते खरंच म्हणाले. पुढे काही दिवस ते वाक्य फ्लेक्सवर घालावं का असा त्यांचा विचार चालला होता.

बाकी मंडळींनीही माना डोलावल्या. मी वाट बघत राहिले. अशी शांतता वर्गात नेहमी होते, आणि बहुतेक वेळा तिच्यातून काही निघत नाही.

मागून भाग्यश्री म्हणाली, “मॅडम, खाली जीपमधी गंगाआज्जी बसलीय.”

गंगाआज्जी म्हणजे चनबसप्पांची धाकटी बहीण. सुनावणी बघायला हौसेने आली होती, पण गुडघ्यांमुळे जिना चढता येईना म्हणून खालीच थांबली होती. भाग्यश्री पुढे आली. ती माझ्याशी बोलत नव्हती, आजोबांशी बोलत होती, त्यामुळे घरच्या बोलीत बोलली. म्हणाली, हिथं वर कोण आलंय? ज्याला जिना चढता येतोय तोच आलाय. ज्याचे गुडघे गेले, छाती भरते, ते खाली ऱ्हायले, न्हाईतर घरी ऱ्हायले. आपण वरच्यांनाच मोजायलोय आणि म्हणायलोय की वर आल्यानं माणूस चांगला ऱ्हातोय. फिरण्याचं बी तसंच. पहाटे रस्त्यावर कोण दिसतंय? ज्याला जमतंय तो.

मन्नाएखेळ्ळीच्या गुरुजींनी पहिल्यांदा होकार दिला, हळूच.

अप्पांनी नातीकडे बघितलं. त्यांना मोठा प्रश्न पडला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

“मग मी?”

ती त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. “अप्पा, तुम्ही खरेच हाव,” ती म्हणाली. “पर तुम्ही एकटेच हाव. एकट्यावरून सगळ्यांचं सांगता येत न्हाई. उत्तर ब च हाय. मी चुकले.”

इतकी वर्षं मी हा धडा शिकवते. तुरीची झाडं, बसगाड्या, क्रिकेटपटू, सगळी उदाहरणं देऊन झाली. इतक्या थोडक्यात मला तो कधी सांगता आला नाही. आणि तिने तो स्वतःचा मार्क, स्वतःची जागा सोडून देऊन सांगितला. मल्लिकार्जुनअण्णा तिच्याकडे असे बघत होते, जणू दुकान डोळ्यांसमोर पेटलंय आणि पोरगी काडी हातात घेऊन उभी आहे. मी फळ्याकडे वळून ब भोवती गोल काढला. त्याची काही गरज नव्हती.

अप्पा म्हणाले, “एकटा हाय म्हंजे चूक न्हाई ना?”

न्हाई, ती म्हणाली.

“मग झालं.” आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. पुरावा म्हणून आपलं काम संपलं, असं त्यांनी ठरवलं असावं.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण शिवराज सरांनी शाल आणि हार आणून ठेवले होते. ते वाया जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी अप्पांना शाल पांघरली आणि माइक घेऊन जाहीर केलं, की ज्येष्ठांचा मान राखून आम्ही हा प्रश्न रद्द करत आहोत.

मी माइकजवळ जाऊन म्हटलं, सर, हरकत मागे घेतलीय. मुलीने आत्ताच उत्तर मान्य केलंय.

सर माइक हाताने झाकून म्हणाले, “मॅडम, शाल घातल्यावर माणूस चूक ठेवता येत न्हाई.”

प्रश्न रद्द करणं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. परीक्षेत एखादा प्रश्न रद्द झाला की तो लिहिलेल्या, न लिहिलेल्या, चुकलेल्या सगळ्यांना त्याचा मार्क देतात. ज्याचं उत्तर बरोबर होतं त्याला मार्क आधीच मिळालेला असतो. त्याला काही नवीन मिळत नाही. म्हणजे चुकलेल्यांचा एक मार्क वाढतो आणि बरोबर असलेल्यांचा जिथल्या तिथे राहतो. भाग्यश्रीचा एक मार्क वाढला. ती आणि संतोष सारख्या मार्कांवर आले. याला आम्ही टाय म्हणतो.

टाय कशी सोडवायची याचा नियम आम्ही सरकारी परीक्षांच्या जाहिरातीतून जसाच्या तसा उचलला होता, आणि आमच्यापैकी कुणी तो नीट वाचलेला नव्हता. त्यात लिहिलं होतं, मार्क समान असल्यास ज्याचं वय जास्त तो वर.

दोघांचे दाखले काढले. भाग्यश्री वर्षाने मोठी निघाली. तिने मान खाली घालून कारण सांगितलं. गावात सातवीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कन्नड. आठवीत तिला काहीच कळेना, ती नापास झाली आणि तो वर्ग पुन्हा केला. सोबतच्या मुली पुढे गेल्या. ते वर्ष ती कुणाला सांगत नसे. आता त्याच वर्षावर तिला जागा मिळाली.

संतोषचे वडील उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, माझ्या पोराने उत्तर बरोबर लिहिलं होतं. त्याचं काय चुकलं? आणि वय जास्त असणं हा काय गुण आहे का?

त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. शिवराज सर कागद चाळायला लागले.

“व्हय, हाय,” चनबसप्पा मागून म्हणाले.

हॉलमधल्या सगळ्या ज्येष्ठ मंडळींनी माना हलवल्या. बैठका मारलेले संतोषचे आजोबाही त्यांत होते. सुनावणीत एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर. संतोषच्या वडिलांनी आपल्या वडिलांकडे बघितलं आणि ते खाली बसले.

संतोष पुढे बिदरच्या एका क्लासला गेला आणि पोलिसात लागलाही. मला भेटला तेव्हा त्याने विचारलं, की मॅडम, ब च बरोबर होतं ना? मी म्हटलं, व्हय. त्याला तेवढंच हवं होतं, असं तो म्हणाला. मला ते पूर्ण खरं वाटलं नाही.

त्या हॉलमध्ये खरा तर्क एकाच व्यक्तीने लढवला, आणि तिला जागा मिळाली ती तर्कासाठी नाही, आठवीत नापास झाल्याबद्दल. यात कारण काय आणि परिणाम काय, हा प्रश्न मी पेपरात घालायचं धाडस केलेलं नाही. या प्रकरणातून मी शिकले ते इतकंच: वाक्य खरं असलं तरी उत्तर चूक असू शकतं, हे मुलांना समजावून सांगता येतं. ते त्या वाक्यालाच समोर बसवून सांगायची वेळ येऊ देऊ नये.

भाग्यश्रीची नोकरीची मुख्य परीक्षा झाली, निकाल लागायचा आहे. तोपर्यंत ती क्लासमध्ये मला मदत करते. माझे पेपर छापायला जाण्याआधी ती वाचते आणि पर्यायांत कुणी ओळखीचं निघतं का ते बघते. परवा मी एका प्रश्नात लिहिलं होतं, मन्नाएखेळ्ळीचा एक माणूस कधी चप्पल घालत नाही, तरी त्याच्या पायात काटा मोडत नाही. मला ते पुरेसं अशक्य वाटलं होतं. तिने त्यावर पेनने काट मारली.

“हाय मॅडम,” ती म्हणाली. “किराणाचं दुकान हाय त्येंचं.”